रांजणाच्या काठाखालचं भोक

एका गावात एक कुंभारीण होती आणि तिला राग फार यायचा. हे आधीच सांगितलेलं बरं. गोष्टी सांगणारे लोक कुंभारणीला नेहमी गरीब आणि सोशिक करून टाकतात. ही गरीब होती, पण सोशिक मुळीच नव्हती. आणि तिला राग यायचा तो उगाच यायचा नाही.

ती घरातली धाकटी सून, म्हणून सारी कुंभारआळी तिला धाकटीच म्हणायची. तिचा नवरा भला माणूस. इतका भला की कोणी त्याच्या पायावर पाय दिला तरी तोच म्हणायचा, "जाऊ दे." थोरला दीर मात्र आळीतला नावाजलेला कारागीर. त्याचं मडकं बोटाने वाजवलं तर खणखणायचं आणि काठावरून हात फिरवला तर कुठे खरखर लागायची नाही. हे खरंच होतं, उगाच कशाला नाही म्हणा.

त्या आळीत रीत अशी होती की बाईने चाकाला हात लावायचा नाही. माती बाईने खणायची, डोक्यावरून आणायची, चाळायची, भिजवायची, लीद घालून पायांनी तुडवायची. चाक तेवढं पुरुषाने फिरवायचं. का? तर चाक देवाचं. "मग माती कोणाची?" असं धाकटीने लग्न होऊन आल्या आल्याच विचारलं होतं, तेव्हा साऱ्या आळीने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. उरल्यासुरल्या मातीच्या बायकांनी चुली कराव्यात, शेगड्या कराव्यात, पोरांना खुळखुळे करावेत, तेही हातानेच, आणि मुकाट बसावं.

गावाबाहेर घाटाच्या तोंडाशी एक पाणपोई होती. तिथे सावलीला झाड नव्हतं, सगळा उघडा कातळ. आळीतल्या बायका सकाळी विहिरीवरून पाणी नेऊन तिथला रांजण भरायच्या. दुपारपर्यंत ते पाणी इतकं तापायचं की वाटसरू चूळ भरून थुंकून टाकायचे. धाकटी ते पाहायची आणि तिचा जळफळाट व्हायचा.

"आम्ही मान मोडून पाणी न्यायचं आणि यांनी थुंकायचं!" ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली.

"जाऊ दे," नवरा म्हणाला. "ऊन का आपल्या हातात आहे?"

"ऊन नाही. रांजण तर आहे ना आपल्या हातात?"

असं बोलून ती रागारागाने ओसरीवर जाऊन बसली. वळचणीला एक माशी घर बांधत होती. मातीचं घर बांधणाऱ्या त्या माशीलाही लोक कुंभारीणच म्हणतात. ती चिखलाची बारीक गोळी आणायची, काठावर ठेवायची, तोंडाने आणि पायांनी दाबून पातळ करायची आणि उडून जायची. परत यायची ती आधीची गोळी सुकायला लागल्यावर. ओल्यावर ओलं तिने एकदाही ठेवलं नाही. चाक नाही, थापी नाही, कोणाची परवानगी नाही.

शेजारी तिचंच जुनं, रिकामं घर होतं. धाकटीने ते उचकटून उन्हात हातावर घेतलं. वरून ते तापलेलं होतं. पण त्याला एकीआड एक अशा दोन भिंती होत्या आणि मधे पोकळी. आत बोट घातलं तर आत गार. धाकटी ते घर हातात धरून कितीतरी वेळ बसली. मग उठली आणि माती भिजवायला घेतली.

तिने भाकरी थापावी तसा मातीचा जाड तळ थापला. मग तळहातांखाली माती लांबवून दोरासारख्या वळ्या केल्या. एक वळी तळावर गोल ठेवायची, बोटांच्या चिमटीने दाबत दाबत भिंत वर न्यायची, आतून गुळगुळीत गोटा धरायचा, बाहेरून लाकडी थापीने चोपायचं आणि थांबायचं. चाकावर मडकं फिरतं आणि कुंभार बसतो. इथे रांजण बसलेला आणि कुंभारीण त्याच्याभोवती फिरणारी. पहिला रांजण घाईत वळीवर वळी चढवल्यामुळे मधेच बसला. धाकटीने स्वतःला चार शिव्या दिल्या, माती परत मळली आणि या वेळी माशीसारखा धीर धरला. एक भिंत उभी राहिली, तिच्याबाहेर बोटभर जागा सोडून दुसरी, आणि वर दोन्ही भिंती काठाशी मिळवून टाकल्या. शेवटी बाभळीचा काटा घेऊन तिने बाहेरच्या भिंतीला काठाच्या अगदी खाली, सहज दिसणार नाही असं, एक बारीक भोक पाडलं.

आव्यातून रांजण भाजून निघाला तो खणखणीत. पाणपोईवर ठेवला तर भर दुपारी सकाळचंच गार पाणी. थुंकणारे वाटसरू आता दुसऱ्यांदा ओंजळ पुढे करू लागले. "कोणी गं केला?" असं कोणी विचारलं की बायका ऐटीत सांगायच्या, "आमच्या धाकटीने." आळीतले पुरुष मात्र त्याला रांजण म्हणत नसत. ते म्हणायचे, "बायकांचं ते काहीतरी."

हे "काहीतरी" एके दिवशी राजाच्या कारभाऱ्याने पाहिलं. तो घोड्यावरून घाट उतरून आला, पाणी प्याला, रांजणाला हात लावून चकित झाला आणि थेट कुंभारआळीत आला. नाव थोरल्याचं गाजलेलं, म्हणून घोडा थोरल्याच्या दारात थांबला. मागे आळीतले सगळे पुरुष जमले.

"पाणपोईवरचा रांजण कोणाचा?" कारभाऱ्याने विचारलं.

"आमच्याच घरचा, सरकार," थोरला म्हणाला.

"पण घडवला कोणी?"

थोरल्याने घसा खाकरला. एकदा मागे पाहिलं, एकदा घोड्याकडे पाहिलं. "मीच की," तो म्हणाला.

आळीतला सर्वांत म्हातारा कुंभार, ज्याला सगळे आबा म्हणत, त्याने खाली मान घातली. बाकीच्यांनीही घातली. धाकटीच्या नवऱ्याला अचानक आपल्या पायाच्या नखात काहीतरी सापडलं.

कारभारी खूश झाला. राजाला घाटाघाटांत पाणपोया घालायच्या होत्या. साऱ्या आळीने असले रांजण करावेत, वैशाख लागायच्या आत द्यावेत, थोरल्याने जातीने लक्ष घालावं, आणि रांजण उतरले की ही घडण ज्याची, त्याला दरबाराचा कुंभार म्हणून मान मिळेल, असं सांगून तो निघाला.

धाकटी दारामागे उभी होती, कोपरापर्यंत मातीने भरलेली. तिने सगळं ऐकलं. ती बाहेर यायला निघाली तर नवऱ्याने हात धरला. "जाऊ दे. चारचौघांत नको." तेवढ्यात घोडा आळीच्या तोंडाशी पोचलासुद्धा. ती त्या वेळी बोलली नाही, आणि ही तिची पहिली चूक.

घोड्याची धूळ खाली बसल्यावर ती थोरल्यापुढे जाऊन उभी राहिली. "भावजी, रांजण तुम्ही घडवलात?"

"घरातलाच आहे ना तो?" थोरला म्हणाला. "घरात माझं काय आणि तुझं काय!"

"मग धाकटीने घडवला म्हणून सांगायचं होतं. तेही घरातलंच झालं असतं."

"अगं, बाईने केलाय म्हटल्यावर सरकार थांबले असते का? उलट्या पावली गेले असते. तुझ्याच भल्याचं केलं मी. उपकार मानायचे सोडून भांडायला कसली येतेस?"

चोराने चोरी करावी, तो त्याचा धंदा आहे. पण चोरी करून वर उपकार केल्याचं सांगू नये. चोर तो चोर, वर शिरजोर म्हणतात ते यालाच. धाकटीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. आणि आळीतले पुरुष माना डोलावत होते, जणू थोरल्याने लाखमोलाची गोष्ट सांगितली.

थोरल्याने पाणपोईवरचा रांजण आळीत आणवला आणि सगळ्यांना जवळ बोलावून नीट पाहायला घेतला. बाहेरून पाहिला, आतून पाहिला, दोन भिंतींचा काठ कसा मिळवलाय ते चाचपलं. चाचपता चाचपता त्याचं बोट काठाखालच्या भोकावर आलं.

तो मोठ्याने हसला. "हे बघा! भोक राहिलंय! बायकांचं काम, दुसरं काय! चाकावर असलं गबाळेपण कधी व्हायचं नाही." आणि त्याने चिमूटभर ओली माती घेऊन सगळ्यांदेखत ते भोक बुजवून टाकलं, वरून अंगठा फिरवून साफ केलं. पुरुष हसले.

धाकटी तिथेच होती. ते भोक कशासाठी आहे ते सांगायला तिने तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. तिच्या मनात आलं, शहाणे आहात ना तुम्ही सगळे? मग करा. मी कशाला सांगू?

ही दुसरी चूक. पण तिच्या जागी कोणीही असतं तर तेच केलं असतं.

मग आळीत कामाची झुंबड उडाली. प्रत्येक घरचा कुंभार चाकावर एक मोठं आणि एक लहान अशी दोन भांडी काढायचा, लहान मोठ्यात बसवायचा, काठाशी दोन्ही मिळवायचा आणि ओल्या कापडाने असा घोटायचा की मुंगीला शिरायला फट उरायची नाही. थोरला घरोघर फिरून काठ तपासत होता. "भोक राहता कामा नये," तो सगळ्यांना बजावत होता. दुसऱ्याच्या अकलेवर आयता नागोबा होऊन बसलेला माणूस वर दुसऱ्यांना शिकवत होता!

धाकटीला काम काय, तर माती तुडवणं. तिच्याच रांजणांची माती तिनेच तुडवायची आणि यांनी चाकावर बसून नाव कमवायचं. तिने ती माती अशी तुडवली की विचारू नका. एकेका पावलाखाली तिला थोरला दिसत होता, आबा दिसत होता, आणि मधूनमधून नवराही दिसत होता. त्या खेपेला आळीची माती जेवढी छान मळली गेली तेवढी त्याआधी कधी मळली गेली नव्हती.

आवा रचायचा दिवस उजाडला. साऱ्या आळीचा आवा एकच असायचा. घरोघरची मडकी, माठ, पणत्या, चुली, शेगड्या, सगळं एकाच ढिगात रचायचं, मधे गोवऱ्या आणि लाकडं भरायची, वरून पाचोळा आणि चिखलराखेचा थर द्यायचा आणि सकाळीच पेटवायचा. त्या दिवशी ढिगाच्या पोटात राजाचे दुहेरी रांजण होते आणि त्यांच्याभोवती आळीचं सारं उन्हाळ्याचं काम.

बायका डोक्यावरून भांडी आणून देत होत्या. प्रत्येक बाई रांजण खाली ठेवताना त्याच्या काठाखाली बोट फिरवायची, दुसरीकडे पाहायची आणि काही न बोलता परत जायची. एकाही रांजणाला भोक नव्हतं. हे साऱ्या बायकांना कळलं होतं.

धाकटी हाताची घडी घालून उभी होती आणि मनात म्हणत होती, फुटू दे. एकेक फुटू दे. थोरल्याचा फुटू दे, आबाचा फुटू दे, खाली माना घालणाऱ्या सगळ्यांचे फुटू देत. भोवतालचं सगळं घेऊन फुटू देत. खोटं कशाला सांगा, तिला त्या विचाराने गार वाटत होतं. त्याच ढिगात तिच्या शेगड्या होत्या, शेजारणींच्या चुली होत्या, ज्यांनी तिचं काही वाकडं केलं नव्हतं अशांचं काम होतं. पण राग आतल्या आत शिजायला लागला की माणसाला एवढं दिसत नाही.

ती गोवऱ्यांची पाटी घेऊन आव्याच्या मागच्या बाजूला गेली. पलीकडे थोरला आणि आबा हळू आवाजात बोलत होते.

"आबा, नवी घडण आहे," थोरला म्हणत होता. "काही कमीजास्त झालंच, तर सरकारला काय सांगायचं ते आताच ठरवून ठेवू."

"काय सांगायचं?"

"मूळची घडण धाकटीची, म्हणून सांगू. बाईच्या हातचा आकार आव्यात घातला, तो अग्नीला मानवला नाही. आपल्या चाकावर बोल नको यायला."

आबाने रचलेल्या आव्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हं. तसंच सांगावं लागेल."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे रांजण टिकला तर थोरल्याचा आणि फुटला तर धाकटीचा! भाकरी फुगली तर यांनी थापली, करपली तर हिने! आणि आत्तापर्यंत ती काय करत होती? गप्प उभं राहून त्यांचंच काम सोपं करत होती. रांजण फुटले असते, साऱ्या आळीने तिच्याकडे बोट दाखवलं असतं, आणि पुढे कुठल्याच बाईला चुलीपलीकडे काही घडवू दिलं नसतं. तिची घडण तिच्याच गप्प बसण्याने मेली असती.

तिने पाटी दाणकन खाली टाकली. आव्याला वळसा घालून ती पुढे आली आणि पेटता पलिता घेतलेल्या माणसाच्या वाटेत उभी राहिली.

"आवा पेटवायचा नाही!"

सगळे थबकले. आवा रचून नारळ फोडल्यावर त्याला परत हात लावायचा नाही, अशी रीत होती. नारळ केव्हाच फुटला होता.

"बाजूला हो, धाकटे," थोरला म्हणाला. "अपशकुन करू नकोस."

"अपशकुन पोटात भरून ठेवलाय तुम्ही! दोन भिंतींच्या मधे ओल राहते, भावजी. ती तापली की वाफ होते. तिला जायला वाट नको? ते भोक मी विसरले नव्हते, पाडलं होतं. तुम्ही बुजवलंत, वर हसलात, आणि साऱ्या आळीला बुजवायला लावलंत!"

"आता सुचलं का हे?" थोरला हसायला गेला. "आम्ही मडकी करतो ती वाफेने फुटतात वाटतं?"

"मडक्याला तोंड असतं. तुमच्या रांजणाच्या पोकळीला कुठाय?"

नवरा पुढे आला. "जाऊ दे गं…"

"काय जाऊ दे?" ती त्याच्यावर उलटली. "सगळं जाऊ दे, जाऊ दे करत माझं नाव गेलं. आता आळी जाऊ द्यायची आहे का?"

नवरा दोन पावलं मागे सरला. धाकटी बायकांकडे वळली. रागाच्या भरात तिने त्यांनाही सोडलं नाही.

"आणि तुम्ही गं? खुळखुळा करताना त्याला भोक कशाला ठेवता? सांगा ना! पोरंसुद्धा सांगतील. सकाळपासून प्रत्येकीने काठाखाली बोट फिरवलंय, मी पाहिलंय. एकीच्या तरी तोंडातून शब्द फुटला?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग एक जाडजूड बाई, कधी कोणाशी न भांडणारी, पुढे आली. रचायचा राहिलेला एक कच्चा खुळखुळा तिने टोपलीतून घेतला, त्याचं भोक ओल्या मातीने बुजवलं आणि शेजारच्या घराच्या पेटत्या चुलीत टाकला. एक बिनबुजवलेला खुळखुळाही त्याच्या बाजूला टाकला. सगळे चुलीकडे पाहत उभे राहिले. थोरला म्हणाला, "हा काय पोरखेळ चाललाय?"

आणि चुलीत फाड्कन आवाज झाला. निखारे उडाले, चुलीवरची भाताची तवली कलंडली. दुसरा खुळखुळा जागच्या जागी शाबूत होता.

आबाने चुलीत वाकून पाहिलं. मग म्हणाला, "आवा उकला."

"आबा, नारळ फुटलाय," थोरला म्हणाला.

"नारळ दुसरा आणू. आळी दुसरी कुठून आणायची?"

आवा उकलला. बाभळीचे काटे आणले. कच्ची सुकी माती टोचली तर तडकते, म्हणून धाकटी ओलं बोट ठेवून आधी जागा नरम करायची, मग काटा फिरवत फिरवत हळूच आत घालायची. दोन-चार रांजण झाल्यावर बायका तिच्याकडे बघून तसंच करू लागल्या. पुरुष रांजण उचलून देत होते आणि बायका टोचत होत्या. असं त्या आळीत पूर्वी कधी झालं नव्हतं. धाकटी मधूनमधून ओरडत होती, "खाली नाही, काठाजवळ!", "आतल्या भिंतीला लावू नकोस, पाणी गळेल!" आणि कोणी तिला उलट बोलत नव्हतं.

थोरल्यानेही आपले रांजण आणून दिले. पण एक नाही दिला. तो त्याने स्वतःच्या हाताने घडवलेला सगळ्यांत सुंदर रांजण होता, कारभाऱ्याला दाखवायचा. निदान एकावर तरी या बाईच्या काट्याची खूण नको, असं त्याला वाटलं. सगळे आपापल्या कामात असताना त्याने तो तसाच उचलला आणि आपल्या भांड्यांच्या मधोमध नेऊन बसवला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसरा नारळ फुटला, आवा पेटला. धूर निघाला आणि लोक भाकरी खायला बसले. तेवढ्यात आव्याच्या पोटात असा धडाका झाला की हातातले घास खाली पडले. वरचा थर एका बाजूला खचला. सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं, आणि धाकटीने थोरल्याकडे. थोरल्याचा चेहरा उतरलेला दिसला, आणि तिला काय झालं असेल ते कळलं.

आवा निवल्यावर उकलला. एकेक दुहेरी रांजण धडधाकट निघत होता. थोरल्याच्या बाजूला मात्र खापरांचा खच पडला होता. त्याच्या सुंदर रांजणाने त्याचे बाकीचे सगळे रांजण फोडले होते आणि शेजारच्या घरच्या काही चुलीही. खापरांत काठाचा एक मोठा तुकडा सापडला, घोटून घोटून साफ केलेला. त्याच्याखाली भोक नव्हतं. आबाने तो तुकडा उचलून सगळ्यांना दाखवला आणि थोरल्याच्या हातात दिला.

जिच्या चुली फुटल्या ती शेजारीण रडायला लागली. तेव्हा धाकटीला थोरला हरल्याचा आनंद झाला असेल असं कोणाला वाटेल. नाही झाला. तिला आणखी राग आला. एका माणसाच्या तोऱ्यापायी जिचा काही संबंध नाही तिच्या चुली फुटल्या होत्या.

कारभारी रांजण न्यायला आला तो नेमका अशा वेळी. खापरांचा ढीग पाहून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय झालं?"

थोरल्याने तोंड उघडलं. तो काय सांगणार होता देव जाणे. पण या वेळी धाकटी थांबली नाही. तिने पदर खोचला आणि घोड्यापुढे जाऊन उभी राहिली.

"सरकार, मी सांगते. पाणपोईवरचा रांजण मी घडवला, चाकाशिवाय, या हातांनी. यांनी तो स्वतःचा म्हणून सांगितला. साऱ्या आळीला खरं ठाऊक होतं आणि सारी आळी गप्प बसली. मीही गप्प बसले. हे शाबूत रांजण दिसतात ते माझ्या घडणीचे. ही खापरं यांच्या शहाणपणाची."

कारभारी थोरल्याकडे वळला. "खरं का हे?"

थोरल्याने हातातल्या काठाच्या तुकड्याकडे पाहिलं. साऱ्या आळीकडे पाहिलं. या वेळी कोणाची मान खाली नव्हती, सगळे त्याच्याकडे रोखून पाहत होते.

"खरं आहे, सरकार," तो म्हणाला. "घडण तिची. मी खोटं बोललो."

दरबाराच्या कुंभाराचा मान धाकटीला मिळाला. कारभाऱ्याने उदार होऊन विचारलं, "बाई, आणखी काय हवं? बायकांनी चाक चालवावं असा हुकूम काढू का?"

"चाक यांचं यांना लखलाभ," धाकटी म्हणाली. "ज्याने जे घडवलं ते त्याचं म्हणून सांगायचं, एवढा हुकूम काढा. आणि शेजारणीच्या चुली भावजींनी करून द्यायच्या, हातांनी."

फुटलेले रांजण पुन्हा करायचे होते आणि वैशाख जवळ आला होता. चार दिवस थोरला ओसरीवर येरझाऱ्या घालत राहिला. पाचव्या दिवशी तो धाकटीच्या अंगणात आला. ती वळ्या करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"धाकटे," तो म्हणाला, "झालं गेलं विसरून जा."

"विसरणार नाही," ती म्हणाली.

"मग काय करू?"

"बसा. खाली मातीत बसा, पाटावर नको. हात ओले करा."

थोरला मातीत बसला. ज्याच्या काठावरून बोट फिरवायला गावोगावचे लोक यायचे, तो वळी लांबवायला बसला आणि त्याची वळी मधेच तुटली. धाकटीने ती उचलून परत गोळ्यात टाकली. "घाई करताय. परत करा." त्याने परत केली. "ही जाड झाली. परत." थोरल्याने मान खाली घालून परत केली. तिने त्याला माफ केलं का, ते या गोष्टीत नाही. शिकवलं मात्र चोख, एकही गोष्ट हातची न राखता, आणि सबंध वेळ रागावून.

तात्पर्य सांगायचं तर हे: अन्यायाचा राग आला तर तो पोटात कोंडून ठेवू नये, ज्याचा आहे त्याच्या तोंडावर, वेळ आहे तोवर बोलून टाकावा. गप्प बसलेला राग अपराध्याला फोडेल न फोडेल, शेजाऱ्याच्या चुली नक्की फोडतो.